१९१७ च्या रायफलचं लाकूड तडकलंय. जोडावं कसं आणि किती?

शिसवी

नमस्कार मंडळी. मामांकडून माझ्याकडे एक जुनी रायफल आली आहे. शॉर्ट मॅगझिन ली-एनफिल्ड, नंबर १ मार्क ३ स्टार. दस्ता जिथे बसतो त्या लोखंडी सॉकेटवर मुकुट, बीएसए (बनवणाऱ्या ब्रिटिश कंपनीचं नाव) आणि १९१७ एवढं स्वच्छ वाचता येतं. कागदपत्रं रीतसर माझ्या नावावर झाली आहेत. ती चालवायचा विचार नाही, नीट ठेवायची आहे. मामा महिन्यातून एकदा तिला पुसायला बसायचे आणि मी शेजारी बसून बघायचो, तेव्हापासूनची ओळख.

आता दुखणं सांगतो. पुढचं लाकूड, म्हणजे फोरएंड, मागच्या टोकाला दोन्ही बाजूंनी तडकलं आहे. ट्रिगर गार्डच्या मागून निघून चीर साधारण सात सेंटिमीटर पुढे गेली आहे. उजवीकडच्या चिरेत नख जातं. दस्त्यावर दोन-तीन खोल पोचे आहेत, खालच्या टोकाची करंगळीच्या पेराएवढी ढलपी उडाली आहे आणि सगळं लाकूड तेल पिऊन काळंभोर झालं आहे. दस्ता थोडा हलत होता, तो मात्र मागच्या महिन्यात दस्त्याची मागची प्लेट काढून, मागून लांब पेचकस घालून मी घट्ट केला.

ओळखीच्या एका पॉलिशवाल्यांना दाखवलं. ते म्हणाले, सगळं घासून पांढरं करू, तडा लांबी भरून बुजवू आणि वर चकचकीत पॉलिश मारू. माझं मन घेत नाहीये. पण दुसरं काय करावं तेही कळत नाही.

भिंगरी

आधी एक विचारते. ती रिकामी आहे याची खात्री कोणी केली आहे? मॅगझिन काढून, बोल्ट (गोळी आत ढकलणारा सरकता दांडा) उघडून, चेंबरमध्ये बोट घालून? "मामांच्या वेळेपासून रिकामीच आहे" हे उत्तर चालणार नाही.

शिसवी

हो ताई. बोल्ट काढून वेगळा ठेवला आहे आणि नळीतून आरपार उजेड बघितला आहे.

पटाशी

थांबा. हात लावायच्या आधी हे वाचा.

"मागून लांब पेचकस घालून घट्ट केला" असं तुम्ही लिहिलंय. तडा त्याच्या आधी होता की नंतर दिसला?

या रायफलचा दस्ता एका लांब, आटे असलेल्या बोल्टने सॉकेटला आवळलेला असतो (गोळी ढकलणारा बोल्ट वेगळा). तो बोल्ट सॉकेटमधून आरपार जातो आणि त्याचं चौकोनी टोक पुढे फोरएंडच्या मागच्या अंगात शिरतं. तिथे लाकडात एक छोटी लोखंडी पट्टी बसवलेली असते. बोल्ट आपोआप सैल होऊ नये म्हणून हे चौकोनी टोक त्या पट्टीच्या खाचेत अडकवून ठेवलेलं असतं. फोरएंड जागेवर असताना मागून बोल्ट फिरवला की ते टोक पट्टीला पिळतं, पट्टी लाकडाला पिळते आणि लाकूड दोन्ही बाजूंनी उकलतं. अगदी तुम्ही सांगताय त्याच ठिकाणी.

म्हणून या रायफलचा पहिला नियम असा, की आधी फोरएंड उतरवायचा आणि मगच दस्त्याच्या बोल्टला हात लावायचा. नंबर ४ मध्ये, म्हणजे याच रायफलच्या नंतरच्या बनावटीत, ही पट्टी नाही, त्यामुळे तिच्यावर हात बसलेली माणसं इथे हमखास चुकतात.

शिसवी

पटाशीकाका, तुमचा प्रतिसाद वाचून पाच मिनिटं नुसता बसून होतो. घट्ट करताना "टच्" असा एक बारीक आवाज आला होता. मला वाटलं बोल्ट जागेवर बसला. तडा दुसऱ्या दिवशी पुसताना दिसला.

म्हणजे शंभर वर्षं टिकलेलं लाकूड माझ्या हातून गेलं.

पटाशी

गेलं नाही. तडकलेलं लाकूड सगळं तिथेच असतं, फक्त सुटं झालेलं असतं. जे घासून टाकतो ते जातं. आणि एवढ्या जुन्या फोरएंडमध्ये त्या जागी आधीचीच बारीक चीर असण्याची शक्यता बरीच आहे. तुमच्या पिळाने ती उघडली असेल.

सुतारपक्षी

मी फर्निचरचं काम करतो, बंदुकांचं नाही, पण लाकूड ते लाकूड. पॉलिशवाल्यांना इतकं धुडकावू नका. काळं झालेलं लाकूड म्हणजे घाण, घाम आणि जुनं तेल. पॉलिश पेपरने ऐंशी, एकशे वीस, दोनशे वीस असं घासलं की आतून अक्रोडाचा सुंदर रंग निघेल. वर दोन हात पीयू (पॉलियुरेथेन पॉलिश). वस्तू घरात दिसणार आहे, तर चांगली दिसू दे.

जतन

सुतारपक्षी, फर्निचरसाठी तुमचा सल्ला बरोबर असेल. इथे मी ठाम विरोध नोंदवते. माझी पंधरा वर्षं वस्तुसंग्रहालयाच्या लाकूड विभागात गेली आहेत.

लष्करी रायफलच्या लाकडावर तपासनिसांचे ठसे असतात, दुरुस्तीचे शिक्के असतात, दस्त्याच्या लांबीचं अक्षर असतं (सैनिकाच्या हाताप्रमाणे दस्ते वेगवेगळ्या लांबीचे यायचे) आणि काहींवर तुकडीची पितळी चकती असते. लाकडातले हे ठसे अर्धा मिलिमीटरही खोल नसतात. ऐंशी नंबरच्या पेपरचे दहा हात म्हणजे त्यांचा शेवट.

दुसरं म्हणजे लाकूड आणि लोखंड यांची पातळी. कारखान्यात लाकूड लोखंडापेक्षा किंचित उंच ठेवलेलं असतं. घासलेली रायफल मी लांबून ओळखते. दस्त्याच्या मागच्या पितळी प्लेटची कड लाकडाबाहेर आलेली असते आणि सॉकेटपाशी पायरी पडलेली असते. ती पायरी परत भरता येत नाही.

सुतारपक्षी

ठशांचा मुद्दा मान्य, ते मला माहीत नव्हतं. पण ताई, तुमच्या हिशेबाने तर काहीच करायचं नाही. ही त्यांच्या मामांची आठवण आहे, संग्रहालयाची वस्तू नाही. मालकाला ती स्वच्छ हवी असेल तर त्यात गैर काय?

जतन

स्वच्छ जरूर करावी. स्वच्छ करणं आणि सोलणं यात फरक आहे, मी दुसऱ्याच्या विरोधात आहे.

कानस

दोघांच्या वादात माझा अनुभव घालतो.

माझ्याकडे एक मोसिन-नागां आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर सोव्हिएत शस्त्रागारांत या रायफली दुरुस्त होऊन कोठारात गेल्या, तेव्हा लाकडावर चपडी लाखेचा तांबूस थर दिला जायचा. माझ्या रायफलवरचा थर टवके उडालेला आणि विद्रूप दिसत होता. मी तो पूर्ण काढला, लाकूड घासलं, तेल दिलं. सुंदर दिसायला लागली. वर्षभराने त्याच प्रकारची रायफल एका संग्राहकाकडे बघितली. तिच्या दस्त्यावर दुरुस्ती-शस्त्रागाराची खूण होती. चौकोनात तिरपी रेघ, एवढीच. माझ्याही दस्त्यावर त्याच जागी काहीतरी पुसट होतं, ते मी डाग समजून घासलं होतं.

त्या जागेवरून अजून बोट फिरवतो. गुळगुळीत लागते.

उत्तररात्र

शिसवी, सरळ दुसरा फोरएंड मिळवून टाका. या रायफली लाखोंनी बनल्या आहेत, सुटं लाकूड मिळतं.

पटाशी

उत्तररात्र, त्याआधी एक बघायला हवं. ब्रिटिश बनावटीत फोरएंडच्या पुढच्या टोकाला खालच्या अंगाला, नोजकॅपखाली (टोकावरच्या लोखंडी टोपीखाली), रायफलचा क्रमांक ठोकलेला असतो. शिसवी, नोजकॅप काढाल तेव्हा तो वाचा. रिसीव्हरवरचा (नळीमागच्या, बोल्ट सरकतो त्या लोखंडी भागावरचा), बोल्टवरचा आणि लाकडावरचा क्रमांक एकच निघाला, तर हे लाकूड बहुधा पहिल्या दिवसापासून याच नळीखाली आहे. ते बदलणं मला पटणार नाही.

शिवाय दुसरा फोरएंड नुसता स्क्रूने लागत नाही. आतल्या टेकणाऱ्या जागा प्रत्येक रायफलला वेगळ्या जुळवाव्या लागतात.

गवाक्ष

छोटी दुरुस्ती. १९१७ साली तिचं नाव "नंबर १" नव्हतं. तो क्रमांक १९२६ च्या नामांतरात आला. सॉकेटवर वर्षाखाली "एसएचटी. एल. ई." असं काहीतरी दिसेल, ते मूळ नाव. बाकी चालू द्या, उत्तम धागा.

नवशिका

माझा एक प्रश्न. दस्त्यावरचे पोचे इस्त्रीने निघतात असं ऐकलं होतं. खरं आहे?

कानस

खरं आहे, पण पोचा असेल तर. पोच्यात लाकडाचे तंतू दाबलेले असतात, तुटलेले नसतात. सुती फडकं ओलं करून पिळायचं, पोच्यावर ठेवायचं, गरम इस्त्रीचं टोक पाच-सात सेकंद टेकवायचं. वाफ आत शिरते आणि तंतू फुगून वर येतात. दोन-चारदा करावं लागतं. ओरखडा किंवा ढलपी असेल तर तिथलं लाकूडच गेलेलं असतं, वाफेने काय वर येणार?

ठशाजवळ इस्त्री अजिबात नको. ठसा म्हणजेसुद्धा दाबलेले तंतू. तोही फुगून वर येईल आणि पुसला जाईल.

नवशिका

हे शेवटचं वाक्य लाखमोलाचं. धन्यवाद कानसदादा.

साधा माणूस

तडा या विषयावर थोडं अवांतर. माझ्याकडे जपानी आरिसाका आहे, टाइप ३८. दस्त्याच्या बाजूने एक सरळ लांब रेघ होती. मी ती चीर समजून सरस भरला, क्लँप लावला, आठवडाभर जपलं. नंतर कळलं की त्यांचे दस्ते मुळातच दोन तुकड्यांचे असतात. खालचा तुकडा वेगळा करून खाचेने जोडतात, म्हणजे रुंद फळी लागत नाही. ती रेघ म्हणजे कारखान्यातला सांधा. तेव्हा "तडा" म्हणायच्या आधी त्याच बनावटीची दुसरी रायफल बघा. दोन्हींवर एकाच जागी, एकाच सरळ रेषेत दिसला तर तो तडा नसतो.

भिंगरी

फिनलंडच्या मोसिनवरही असा सांधा असतो ना? फोरएंड दोन तुकड्यांचा, बोटांत बोटं गुंफावीत तसा.

साधा माणूस

हो, अगदी तसाच. आणि अवांतर निघालंच आहे तर स्वित्झर्लंडच्या के३१ बद्दल सांगतो. तिच्या दस्त्याची मागची प्लेट जपून काढा. आत बऱ्याचदा ती रायफल ज्याला दिली होती त्या सैनिकाच्या नावाची चिठ्ठी असते. तिथे आधी तेल किंवा पाणी सोडलं तर चिठ्ठी गेली.

शिसवी

माझ्या दस्त्याच्या प्लेटला एक छोटं झाकण आहे. अडकलं आहे, उघडत नाही.

पटाशी

जोर लावू नका. बिजागरीवर भेदक तेलाचा एक थेंब टाका आणि रात्रभर राहू द्या. आत तेलाची पितळी कुपी आणि नळी साफ करायची दोरी ठेवायची जागा असते.

आता मूळ कामाकडे येऊ. तडा जोडण्यापेक्षा तेल काढणं अवघड आहे, म्हणून त्याबद्दल सविस्तर लिहितो.

फोरएंडच्या मागच्या अंगात शंभर वर्षांचं तेल मुरतं, कारण रायफल उभी ठेवली की लोखंडावरचं तेल तिथेच ओघळतं. हे खनिज तेल, जवसासारखं सुकत नाही. त्याने लाकूड मऊ पडतं आणि कुठलाही चिकटवणारा पदार्थ धरत नाही. वरून फडक्याने पुसून काही होत नाही, आतलं ओढून काढावं लागतं. खडूची बारीक भुकटी आणि अ‍ॅसिटोन एकत्र कालवून दाट लेप करा. तो फक्त आतल्या, न दिसणाऱ्या भागाला आणि चिरेच्या तोंडाशी लावा. अ‍ॅसिटोन आत जाऊन तेल विरघळवतो, उडून जाताना खडूत आणून सोडतो. लेप सुकला की पिवळट तपकिरी दिसेल. ब्रशने झटका, परत लावा. पांढरा लावलेला लेप पांढराच सुकेपर्यंत हे करत राहायचं. माझ्या एका फोरएंडला अकरा लेप लागले. काम मोकळ्या हवेत करा आणि आजूबाजूला ज्योत किंवा ठिणगी नको.

दर्शनी भागावर हे करू नका. तिथे टर्पेंटाइनमध्ये ओलावलेलं मऊ फडकं पुरे. वरचा मळ निघेल आणि जुन्या जवसाच्या तेलाची झळाळी राहील. भट्टी साफ करायचं कॉस्टिकवालं रसायन कोणी सुचवेल, ते नको. लाकूड लिबलिबीत होतं आणि त्याचा रंग मरतो.

जतन

पटाशी यांच्याशी पूर्ण सहमत. एकच भर घालते. लोखंडालगत लाकडावर निळसर काळे डाग दिसले तर ते तेलाचे नाहीत. अक्रोडातलं टॅनिन आणि लोखंड यांच्या संयोगाने ते होतात. ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने निघतात, पण ते विषारी आहे आणि त्यामागे लागायची गरज नाही. मी असे डाग ठेवते.

आता चिकटवायला काय घेणार? माझा कल सरसाकडे आहे. गरम पाण्याने तो पुन्हा सुटतो. उद्या कोणाला याहून चांगली पद्धत सापडली तर आपली दुरुस्ती त्याला उलटवता आली पाहिजे.

पटाशी

जतनताई, इथे माझं मत वेगळं आहे. हा टेबलाचा पाय नाही. रायफल मागे धक्का देते तेव्हा रिसीव्हर फोरएंडच्या याच मागच्या दोन खांद्यांवर आपटतो. सगळा भार इथे येतो. त्यात लेप कितीही लावा, थोडं तेल आत राहणारच. तेलकट लाकडावर सरस सुटतो, हे मी दोनदा पाहिलंय. मी हळू सुकणारं पातळ इपॉक्सी वापरतो, चोवीस तासांचं. पाच मिनिटांचं नाही, ते चिरेच्या तळापर्यंत पोचायच्या आत घट्ट होतं.

जतन

शिसवी ती चालवणार नाहीत. मग धक्क्याचा प्रश्न कुठे येतो?

पटाशी

ते चालवणार नाहीत. त्यांच्यानंतर ती ज्याच्या हातात जाईल त्याची हमी कोण देणार? तो बाहेरून जुळलेला सांधा बघेल आणि भरवसा ठेवेल.

जतन

हा विचार मी केला नव्हता. भार घेणाऱ्या सांध्यात इपॉक्सी, मान्य. पण दर्शनी ढलपीचं ठिगळ लावाल तर ते सरसाने. आणि काय वापरलं, केव्हा वापरलं ते कागदावर लिहून रायफलच्या कागदपत्रांत ठेवा. एवढं माझं ऐका.

पटाशी

ऐकलं. चांगली सवय आहे, मीही लावून घेतो.

सुतारपक्षी

नुसतं चिकटवून भागेल का? आमच्याकडे असा उभा तडा असेल तर आडवी खुंटी मारतात.

पटाशी

सुतारपक्षी, बरोबर बोललात. ईशापूरच्या कारखान्यात याच रायफलच्या फोरएंडमधून मागच्या बाजूला आरपार आडवा स्क्रू घालायचे, चीर पडू नये म्हणून. ऑस्ट्रेलियात लिथगोला लाकूड नरम मिळायचं, तिथे टेकणाऱ्या खांद्यांवर तांब्याचे तुकडे बसवायचे. म्हणजे हा भाग कमजोर आहे हे तेव्हाही माहीत होतं.

शिसवी, तीन मिलिमीटरची आटे असलेली पितळी सळई आडवी घाला. दोन्ही टोकं लाकडाच्या आत चार-पाच मिलिमीटर बुडवा आणि वर अक्रोडाची टिकली बसवा. टिकलीच्या रेषा फोरएंडच्या रेषांना समांतर हव्यात, नाहीतर बटण लावल्यासारखं दिसेल.

सुतारपक्षी

टिकलीसाठी त्याच वयाचं लाकूड शोधा. जुन्या मोडक्या अक्रोडाच्या खुर्चीचा पाय चालेल. नवं लाकूड कितीही रंगवा, दोन वर्षांनी वेगळं दिसतं.

उत्तररात्र

मनगटापाशी, म्हणजे मुठीत धरायच्या बारीक भागापाशी, मोडलेल्या दस्त्यांवर जुन्या काळी कच्चं कातडं शिवायचे, हे कोणी बघितलंय का? ओलं कातडं घट्ट गुंडाळून शिवायचं. सुकताना ते आकसतं आणि लाकूड आवळून धरतं. ठासणीच्या एका बंदुकीवर मी तसं पाहिलं होतं, टाके अजून शाबूत होते.

जतन

अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांकडच्या बंदुकांवर ही दुरुस्ती पुष्कळ आढळते. काही ठिकाणी पितळी पत्रा गुंडाळून बारीक चुका मारलेल्या असतात. अशी दुरुस्ती कोणी "नीट" करायला घेतली तर मी हात जोडून थांबवते.

नवशिका

पॉलिश सोडून शेवटी लाकडावर काय लावायचं?

कानस

ब्रिटिश लाकडाला कच्चं जवसाचं तेल. चार थेंब तळहातावर घ्यायचे आणि हात गरम होईपर्यंत चोळायचे. वीस मिनिटांनी राहिलेलं पुसून काढायचं, नाहीतर चिकट थर बसतो. मग चार दिवस थांबून परत. "उकळलेलं" म्हणून मिळतं त्यात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार असतात. तेही चालतं, पण कच्च्याची खोली वेगळी.

भिंगरी

हे मोठ्या अक्षरांत वाचा. जवसाच्या तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते तेल सुकताना हवेतला प्राणवायू घेतं आणि तापतं. घडीत अडकलेली उष्णता बाहेर पडत नाही, फडकं आपोआप पेटतं. माझ्या वर्कशॉपमध्ये डब्यातून धूर निघाला तेव्हा मी दारात होते म्हणून वाचलं. फडकी बाहेर सपाट पसरून कडक वाळवा, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवा.

साधा माणूस

+१. माझ्या ओळखीत पूर्ण शेड गेली आहे.

शिसवी

मंडळी, दोन महिन्यांनी येतोय. काम झालं. सविस्तर लिहितो, कारण हे सगळं तुमचं आहे.

फोरएंड उतरवला. नोजकॅप सरळ पुढे ओढून काढायची असते, ती चार दिवस हलली नाही. हातोडी मारली नाही, तेल सोडत राहिलो. पाचव्या दिवशी आली. खाली लाकडावर क्रमांक होता, शेवटचे दोन आकडे झिजलेले. कागद ठेवून पेन्सिल घासली तेव्हा उमटले. रिसीव्हरचा, बोल्टचा, नोजकॅपचा आणि लाकडाचा क्रमांक एकच आहे.

खडूचे नऊ लेप लागले. पहिला अक्षरशः चहाच्या रंगाचा निघाला. सहाव्या लेपानंतर चिरेच्या आतल्या अंगाला, साधारण मध्यावर, एक गोल दिसला. भिंगाखाली बघितलं तर ती लाकडी खुंटी होती. चीर तिच्या एका बाजूने वळसा घालून गेली होती. म्हणजे पटाशीकाका म्हणाले तसं, हा फोरएंड इथे आधीच एकदा तडकला होता आणि कोणीतरी खुंटी मारून दिला होता. खुंटीचं डोकं इतकं नेटकं तासलेलं आहे की बाहेरून बोटाला लागत नाही. ते पॉलिश मारलं असतं तर ही खुंटी कधी दिसलीच नसती.

ती तशीच ठेवली. पितळी सळई तिच्यापासून बारा मिलिमीटर मागे घातली. चीर प्लास्टिकच्या पातळ पाचरीने केसभर उघडली, इपॉक्सी हेअर ड्रायरने कोमट केलं, त्याबरोबर ते पाण्यासारखं आत उतरलं. पलीकडच्या टोकाला बारीक थेंब उमटला तेव्हा कळलं की तळापर्यंत पोचलं. लोखंडाला आधी मेण चोळलं होतं. सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळलं आणि तीन दिवस हात लावला नाही. मग खांद्यांवर काजळी लावून रिसीव्हर बसवून बघितला. डावा खांदा टेकत होता, उजव्यावर काजळी उमटली नाही. पातळ अक्रोडाची चकती चिकटवून, छिन्नीने थोडं थोडं खरवडत, सातव्या वेळी दोन्हीकडे सारखी काजळी आली.

दस्त्याचा बोल्ट फोरएंड बाहेर असतानाच आवळला आणि त्याचं चौकोनी टोक पट्टीच्या खाचेसमोर सरळ आणून ठेवलं. झाकणही उघडलं. आत पितळी कुपी आहे. टोपण फिरवलं तर तळाशी वाळलेलं तेल आणि मामांच्या हातची सुताची गुंडाळी, तीच जिने ते पुसायचे.

सुतारपक्षी

शिसवी, खुंटीचा फोटो असेल तर टाका. मला तो सांधा बघायचा आहे. आणि पेपर घासायचा माझा सल्ला मी मागे घेतो.

जतन

दोन्ही खांद्यांवर काजळी आली हे वाचून फार बरं वाटलं. खुंटीची नोंद कागदात करा, जागा मिलिमीटरमध्ये. टोकाच्या ढलपीचं काय केलंत?

शिसवी

ताई, ठिगळ कापून ठेवलं होतं, सरसही भिजवला होता. मग नाही लावलं. मामा पुसताना अंगठा नेमका त्या खळग्यात ठेवायचे. माझाही तिथेच बसतो.

पटाशी

राहू दे. आता एकच करा. ट्रिगर गार्डचा पुढचा स्क्रू महिन्याभराने एकदा तपासा. लेपांनी लाकूड कोरडं पडलंय, ते अजून थोडं बसेल. आणि तपासायचा तो पुढचाच स्क्रू, मागून पेचकस घालायचा नाही.

शिसवी

नाही काका. तो लांब पेचकस कपाटात फोरएंडच्या नोंदीच्या कागदाबरोबर बांधून ठेवलाय.